गवत कापायच्या मशीनबद्दल नागपुरात आम्हाला नेहमी विचारले जाणारे प्रश्न

नागपुरात ‘लॉन’ म्हटलं की आधी लग्न आठवतं, गवत नंतर. आमचं वर्कशॉप या दोन्हींवर चालतं. वर्धा रोड आणि कोराडी रोडवरची लग्नाची लॉनं, सिव्हिल लाइन्समधले जुने बंगले, बेसा-मनीष नगरकडच्या सोसायट्या, सगळीकडच्या मशिनी आमच्याकडे येतात. आम्ही मशीन विकत नाही, दुरुस्त करतो. त्यामुळे कुठलं सुधारलेलं तंत्र खरं आणि कुठला नुसता नवा रंग, हे पोट उघडल्यावरच कळतं. फोनवर तीच ती उत्तरं देऊन घसा कोरडा पडला, म्हणून इथं लिहून ठेवतो आहे. प्रश्न लोक विचारतात तसेच ठेवलेत.

रोलरवाली मशीन चांगली की पंख्यावाली?

दोघींची जातच वेगळी. रोलरवाली म्हणजे कात्री. आडव्या नळकांड्यावर पाच-सहा पाती पीळ देऊन बसवलेली असतात आणि खाली एक न हलणारी सपाट पात असते. काडी या दोघांच्या मधे सापडते आणि कातरली जाते. पंख्यावाली म्हणजे गरगर फिरणारा विळा. तिला खालून टेकू नाही, ती नुसत्या वेगावर काडी तोडते.

कात्रीची कल्पना जुनी. इंग्लंडात स्ट्राउडजवळ लोकरीच्या कापडाच्या गिरण्या होत्या. कापडावरची लव एकसारखी उतरवायला तिथं पीळदार पात्यांचं यंत्र वापरत. एडविन बडिंग नावाच्या कारागिराला वाटलं, हेच जमिनीवर फिरवलं तर? १८३० मध्ये त्याने पेटंट घेतलं. दिवसा लोक हसतील म्हणून तो रात्री मशीन चालवून बघायचा, अशी गोष्ट सांगतात. पुढे मोठ्या मशिनींना घोडा जुंपू लागले, आणि टापांचे ठसे गवतावर उमटू नयेत म्हणून घोड्याला चामड्याचे बूट घालत. आपण पोळ्याला बैलाची शिंगं रंगवतो, झूल घालतो, पण बूट काही कोणाला सुचले नाहीत. १८९३ मध्ये लँकेशायरच्या जेम्स समनरने वाफेवरच्या मशीनचं पेटंट घेतलं, आणि १९०२ मध्ये रॅन्सम्स कंपनीने पेट्रोलवर चालणारी मशीन बाजारात आणली. घोडा गेला, वाफ गेली, पेट्रोल आलं, तरी कापायची रीत बडिंगचीच राहिली.

रोलरवालीने कापलेल्या गवताचं टोक स्वच्छ राहतं, पिवळं पडत नाही. पण तिला लाड लागतात. वर्तमानपत्राची पट्टी दोन पात्यांच्या मधे धरून नळकांडं हळूच फिरवा. इंजिनाच्या स्पार्क प्लगची वायर काढून ठेवा आणि बोटं लांब ठेवा. पूर्ण रुंदीत कागद कुठेही धरला तरी कचकन कापला गेला पाहिजे. एका बाजूला दुमडला तर तिथं फट आहे. शिवाय हरळी वीतभर वाढली की नळकांडं तिला आडवी पाडून वरून निघून जातं. कडुनिंबाची बोटभर काडी अडकली तरी मशीन थांबते.

म्हणून बंगल्यासमोरचं नीट राखलेलं, दर आठवड्याला कापलं जाणारं गवत असेल तर रोलरवाली घ्या. लग्नाच्या लॉनवाल्यांनी तिच्या वाटेला जाऊ नये. तुमच्या गवतातून आम्ही काय काय काढलंय त्याची यादी करायची तर गजऱ्याची तार, टाचण्या, बाटल्यांची बुचं, मंडपाचे खिळे आणि एकदा चांदीचं जोडवं.

पंख्यावालीचं पातं तर साधी पट्टी आहे. मग एवढे पैसे कशाचे?

पातं हातात घेऊन बघा. धार फक्त दोन टोकांना असते. धारेच्या मागची कड मात्र सुपाच्या काठासारखी वर वळलेली असते. सगळी करामत त्या वळणात आहे. पातं फिरलं की ती कड हवा वर फेकते, त्या जागी खालून हवा ओढली जाते आणि लोळलेलं गवत उभं राहतं. उभं राहिलं की धार त्याला गाठते. पात्यावरचं पत्र्याचं घर, ज्याला आम्ही डेक म्हणतो, ते नुसतं झाकण नाही. ब्लोअरच्या कूलरमध्ये पंख्याभोवती गोल घर असतं आणि हवा एकाच तोंडाने जोरात बाहेर येते, तसंच ते काम करतं. कापलेलं गवत मागच्या पेटीत जाऊन पडतं ते याच हवेवर. म्हणून डेकच्या आतून ओल्या गवताचा थर बसला की हवा घुसमटते, पेटी भरत नाही, कापणी वेडीवाकडी होते आणि गिऱ्हाईक म्हणतं, ‘भाऊ, धार गेली.’ धार गेलेली नसते. लाकडी पट्टीने डेक खरवडा, निम्म्या तक्रारी तिथंच मिटतात.

आता वेग. ४६ सेंटिमीटरचं पातं मिनिटाला ३,००० फेरे घेतं तेव्हा त्याचं टोक ताशी २६० किलोमीटरच्या आसपास पळतं. समृद्धी महामार्गावर कारला १२० ची मर्यादा आहे. एवढ्या वेगापुढे काडीला वाकायला सवडच मिळत नाही, म्हणून खालून टेकू नसतानाही ती तुटते. मग आणखी जोरात का फिरवत नाहीत? कारण त्याच टोकाने उडवलेला खडा गोळीसारखा जातो. अमेरिकेतल्या मानकात टोकाच्या वेगाला मिनिटाला १९,००० फुटांची मर्यादा घातली आहे, म्हणजे ताशी साधारण ३४७ किलोमीटर.

फिरत्या पात्याच्या मशिनी १९३० च्या दशकातही होत्या, पण त्या घरोघरी पोचल्या नव्हत्या. १९५२ मध्ये सिडनीत मर्व्हिन व्हिक्टर रिचर्डसन नावाच्या माणसाने गॅरेजमध्ये भंगारातून एक हलकी मशीन जोडली. पेट्रोलची टाकी म्हणून पीच फळांचा रिकामा डबा वापरला. तिचीच पुढे ‘व्हिक्टा’ झाली. कॉटन मार्केटकडच्या आपल्या मिस्त्रींना तो डबा बघून अजिबात नवल वाटणार नाही.

पात्याला धार किती दिवसांनी लावायची?

रोज चालणाऱ्या मशीनला महिन्यातून एकदा, घरच्या मशीनला हंगामातून दोनदा. कापलेल्या काडीचं टोक बघा. ते चिंधीसारखं फाटलेलं दिसलं की वेळ झाली. ग्राइंडरवाल्याकडून धार लावून घेतली तर पातं मधल्या भोकातून भिंतीतल्या खिळ्यावर टांगा. एक बाजू खाली झुकली तर तेवढी आणखी घासा. झुकतं पातं तसंच बसवलं तर हँडल थरथरतं, आणि दोन महिन्यांत बेअरिंग घेऊन तुम्ही आमच्याकडे येता.

दिवाळीनंतर ठेवली होती, आता दोरी ओढून ओढून खांदा गेला, सुरूच नाही होऊन राहिली. काऊन?

पेट्रोल काढलं होतं का? नाही ना, मग हेच.

पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. गाडी रोज चालते, टाकी रिकामी होते, पुन्हा भरते. गवताची मशीन मात्र महिनोन् महिने कोपऱ्यात उभी असते. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. पाणी फार झालं की ते इथेनॉलसकट पेट्रोलपासून वेगळं होऊन तळाशी बसतं, आणि कार्बोरेटरला, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणाऱ्या भागाला, नेमकं तळातलंच आधी मिळतं. उरलेलं पेट्रोल उडून गेलं की मागे चिकट राप राहतो. कार्बोरेटरच्या जेटचं भोक सुईच्या टोकाएवढं असतं. त्यात हा राप बसला की दोरी ओढायला पहिलवान आणला तरी उपयोग नाही. जुन्या मशीनचे रबरी भागही फुगतात. बऱ्याच लहान इंजिनांच्या पुस्तिकेत १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालेल असं लिहिलेलं असतं, आणि पुस्तिका कोणी वाचत नाही.

उपाय सोपा आहे. महिनाभर मशीन लागणार नसेल तर टाकी रिकामी करा आणि कार्बोरेटरमधलं पेट्रोल संपून ती आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा. पेट्रोल लागेल तेवढंच आणा. डब्यात भरून ठेवलेलं मागच्या पावसाळ्याचं पेट्रोल मशीनला पाजू नका.

दगडावर पातं आदळलं. तेव्हापासून दोरी उलटा झटका देते.

हा झटका देणारा आजार म्हणजे चावी. पातं फिरवणाऱ्या क्रँकच्या दांड्यावर फ्लायव्हील, म्हणजे वरचं जड चाक, ठरलेल्या जागी बसावं म्हणून खाचेत नखाएवढी एक चावी असते. ती मुद्दाम मऊ धातूची करतात. पातं दगडाला लागून खाडकन थांबतं, पण वरचं जड फ्लायव्हील आपल्या जोरात पुढे जायला बघतं. त्या ओढाताणीत चावी कातरली जाते आणि दांडा वाचतो. फ्लायव्हीलमधलं चुंबक जागेवरून सरकल्यामुळे ठिणगी चुकीच्या वेळी पडते, म्हणून तो झटका. स्वस्त भाग मरून महाग भाग वाचवतो, यापेक्षा शहाणं डिझाइन मला तरी या मशीनमध्ये दुसरं दिसलं नाही. चावी तर्री-पोह्याच्या दोन-चार प्लेटच्या पैशात येते.

पण दांडाही वाकला असेल तर गोष्ट वेगळी. प्लगची वायर काढा, मशीन सपाट फरशीवर ठेवा आणि एका जागी टोक फरशीपासून किती उंच आहे ते मोजा. मग पातं अर्धा फेरा फिरवून दुसरं टोक त्याच जागी आणून मोजा. फरक पडला तर पातं तरी वाकलंय किंवा दांडा तरी.

दाट गवत आलं की इंजिन आपोआप जोर कसं लावतं? त्यात कॉम्प्युटर आहे का?

नाही. पुष्कळ मशिनींत एक पातळ पत्रा आणि एक स्प्रिंग आहे, बस. फ्लायव्हीलला पंखे असतात, त्यांची हवा इंजिन थंड करते. त्याच हवेच्या वाटेत हा पत्रा उभा असतो. हवा पत्र्याला ढकलून पेट्रोलची वाट मिटवायला बघते, स्प्रिंग ती उघडायला बघते. गवत दाट आलं की फेरे कमी होतात, हवा मंदावते, स्प्रिंग जिंकते आणि पेट्रोल जास्त जातं. गवत विरळ झालं की उलटं. दुसऱ्या काही इंजिनांत हेच काम आतली फिरती वजनं करतात. वाफेच्या इंजिनासाठी जेम्स वॅटने १७८८ मध्ये हीच युक्ती वापरली होती. आमची विनंती एवढीच की ती स्प्रिंग ‘पॉवर वाढवायला’ ताणून घेऊ नका. फेरे वाढतात, पात्याच्या टोकाचा वेग वर सांगितलेल्या मर्यादेकडे सरकतो, आणि एखाद दिवशी पिस्टनचा दांडा इंजिनाची भिंत फोडून बाहेर येतो.

हँडलवरचा तो दांडा सारखा दाबून धरावा लागतो, हात दुखतो. बांधून दिला तर?

नाही देणार. पैसे दिले तरी नाही.

तो दांडा सोडला की एक पट्टा फ्लायव्हीलवर घट्ट बसतो, ठिणगी बंद होते आणि पातं थांबतं. अमेरिकेत ३० जून १९८२ नंतर बनलेल्या, मागे चालत ढकलायच्या मशिनींना कायद्याने अट आहे की हात सुटल्यापासून ३ सेकंदांत पातं थांबलं पाहिजे. तीनच सेकंद का? पेटीत गवत अडकलं की माणूस हँडल सोडतो, वळसा घालून पुढे येतो आणि खाली हात घालतो. त्याला तिथं पोचायला जेवढा वेळ लागतो त्याच्या आत पातं मेलेलं असावं. इंजिनात काय काय सुधारलं यावर लोक तासभर बोलतात, मला विचाराल तर या मशीनमधली सगळ्यात मोठी सुधारणा हा दांडा आहे.

आणि आमच्याकडे येणाऱ्या दर दहातल्या पाच-सहा मशिनींत तो सुतळीने नाहीतर केबल टायने बांधलेला असतो. एका लॉनवरच्या माळीकाकांची मशीन आली होती, सोबत त्यांचा बूट. बुटाचा पुढचा भाग तिरका, स्वच्छ कापलेला. काकांचं नशीब म्हणून बूट दोन नंबर मोठा होता, पोराचा जुना घातलेला. मालकाला म्हटलं सुतळी काढतो, तर म्हणे, ‘राहू द्या ना भाऊ, कामाचा खोळंबा होते.’ सुतळी काढली आणि बिलात लिहिली: सुतळी काढणे, शून्य रुपये.

हात खरंच दुखत असेल तर दांड्यावर सायकलच्या हँडलचं जाड रबर चढवून देतो.

बॅटरीवाली घेऊ का? आवाज नाही, धूर नाही म्हणतात.

दोन्ही खरं आहे. पण आधी हिशेब करू. ३६ व्होल्ट आणि ५ अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे १८० वॉट-अवर, विजेच्या बिलाच्या भाषेत ०.१८ युनिट. कापताना मशीन ६०० वॉट खात असेल तर १८ मिनिटं. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ९ युनिट उष्णता असते आणि लहान इंजिन त्यातलं पाचव्या हिश्शाएवढंच पात्यापर्यंत पोचवतं, तरीही ते १.८ युनिट होतात. म्हणजे लिटरभर पेट्रोल बरोबर अशा दहा बॅटऱ्या. हजार-दीड हजार चौरस फुटांच्या अंगणाला एक बॅटरी पुरते. दोन एकराच्या लॉनला पुरणार नाही, दुकानदार काहीही म्हणो.

खोक्यावरच्या आकड्यालाही भुलू नका. ‘४० व्होल्ट मॅक्स’ आणि ‘३६ व्होल्ट’ बहुतेक वेळा एकच बॅटरी असते. आत दहा सेल ओळीने असतात. प्रत्येकी ३.६ धरले तर ३६, भरलेले असताना ४ च्या आसपास धरले तर ४०.

खरी अडचण आपल्या उन्हाची आहे. लिथियम सेल साधारणपणे ४५ अंशांपर्यंतच चार्ज करायचे असतात, आणि नागपूरच्या मे महिन्यात सावलीतलाच पारा तिथवर जातो. चांगला चार्जर तापलेली बॅटरी लावली की लाल दिवा दाखवून गप्प बसतो. मग फोन येतो, ‘चार्जर खराब निघाला.’ चार्जर शहाणा आहे. बॅटरी घरात पंख्याखाली अर्धा-पाऊण तास निवू द्या, मग लावा. चार्जिंग सकाळी करा. मी स्वतः एक बॅटरी दुपारी बंद कारच्या डिकीत विसरलो होतो. ती मेली नाही, पण त्यानंतर निम्माच वेळ चालली, आणि घरी आजही त्यावरून ऐकून घेतो.

बॅटरीवालीची मोटर साध्या मोटरपेक्षा वेगळी कशी?

मिक्सरची मोटर खोलली तर कोळशाचे दोन तुकडे दिसतात. ते घासत फिरत्या भागाला वीज देतात आणि झिजतात. नव्या मशिनींत ते नसतात. चुंबक फिरतं, तारांची वेटोळी स्थिर असतात आणि कोणत्या वेटोळ्यात कधी वीज सोडायची हे छोटं सर्किट ठरवतं. तेच सर्किट वीज किती ओढली जातेय ते बघून दाट गवतात वेग वाढवतं, विरळ गवतात कमी करतं. वर सांगितलेला पत्रा आणि स्प्रिंग आता चिपमध्ये गेले, एवढंच.

कापलेलं गवत पेटीत न भरता तिथंच राहू दिलं तर?

चांगलंच आहे, त्यातला नायट्रोजन मातीत परत जातो. त्यासाठी मल्चिंगचं वेगळं पातं मिळतं, दोन-तीन ठिकाणी वळलेलं. डेकचं तोंड बंद करून काडी आतच तीन-चार वेळा कापली जाते आणि चुरा होऊन मुळाशी पडते. पण काडीच्या उंचीच्या एक तृतीयांशाहून जास्त एका वेळी कापू नका, आणि गवत कोरडं हवं. श्रावणात मल्चिंग करायला जाल तर लॉनभर हिरव्या शेणगोळ्या दिसतील.

उतारावर चालते का?

१५ अंशांपर्यंत उताराला आडवी चालवा. त्याहून तिरपी झाली तर बऱ्याच इंजिनांत तेल एका कडेला जातं आणि आतला तेल उडवणारा चमचा कोरडाच फिरतो, कारण या इंजिनांत तेल पंपाने नाही, शिंतोड्यांनी पोचतं. तीव्र उतारासाठी १९६० च्या दशकात स्वीडनच्या कार्ल डालमनने हॉवरक्राफ्ट बघून हवेवर तरंगणारी, चाकंच नसलेली मशीन केली. तिच्यातून निघाली फ्लायमो. आमच्याकडे दुरुस्तीला अजून एकही आली नाही. तलावाच्या काठासारख्या उतारावर आपल्याकडे खांद्यावरचा ब्रशकटरच चालतो.

रोबो मशीन नागपुरात चालेल?

मशीन चालेल, परिसराचं सांगता येत नाही. हुस्कवर्ना कंपनीने १९९५ मध्ये सौरऊर्जेवर चालणारी रोबो मशीन आणली तेव्हापासून कल्पना एकच आहे. आठवड्याला एकदा खूप कापण्याऐवजी रोज थोडं थोडं कापायचं. म्हणून तिचं पातंही दाढीच्या ब्लेडएवढं असतं, सैल लटकणारं, कठीण वस्तूला लागलं तर मागे दुमडणारं. उचलली की पातं बंद.

हद्द कळावी म्हणून जुन्या प्रकारात जमिनीत बारीक तार पुरतात. लग्नाच्या लॉनवर ती तार पहिल्याच मंडपाच्या खुंट्याने तुटेल. नव्या प्रकारात उपग्रहाचा सिग्नल आणि जवळ उभारलेला संदर्भ अँटेना मिळून जागा दोन-तीन सेंटिमीटरपर्यंत कळते. पण त्याला वर मोकळं आकाश लागतं. सिव्हिल लाइन्समधल्या बंगल्यांत चिंच-कडुनिंबाचं छप्पर आहे, तिथं ती बावरते. गल्लीतली कुत्री तिच्याशी कशी वागतील, हा प्रश्न पुस्तिकेत नाही.

क्रिकेटच्या मैदानावर गडद-फिके पट्टे दिसतात. रंग मारतात का?

गवत एकच असतं. मशीनच्या मागचा रोलर काडी ज्या दिशेला झोपवतो त्यावर उजेड कसा परततो ते ठरतं. तुमच्यापासून दूर झुकलेलं गवत फिकं दिसतं, तुमच्याकडे झुकलेलं गडद. पलीकडच्या टोकाला जाऊन बघा, पट्टे अदलाबदल झालेले दिसतील.

धुवायला मशीन आडवी केली तर धूर येतो. काय चुकलं?

आडवी करताना एअर फिल्टर खाली गेला. तेल फिल्टरमध्ये आणि सिलिंडरमध्ये उतरलं. नेहमी फिल्टर वरच्या बाजूला ठेवून कलंडवा, आणि त्याआधी प्लगची वायर काढा. फिल्टर तेलकट झाला असेल तर बदला, धूर पंधरा मिनिटांत जातो.

सर्व्हिसिंग कधी करावं?

मेच्या शेवटी, मृग लागायच्या आत. जुलैत सगळं नागपूर एकदम येतं आणि मशीन परत मिळायला दहा-बारा दिवस लागतात, तोवर हरळी गुडघ्याला टेकते. पावसानंतर लगेच लॉनवर मशीन घालू नका. आपली काळी माती ओली असली की चाकांना चिकटून त्यांचा आकारच बदलते, आणि चाक रुतलेल्या जागी पातं माती कापतं. दोन दिवस उघडीप मिळाली की पायाच्या टाचेने दाबून बघा. खळगा पडला तर अजून एक दिवस थांबा. येताना मशीनसोबत पेटीही आणा, अर्धे लोक ती घरीच विसरतात.